उंच केलेल्या जिप्सीचं स्टेअरिंग जागेवर आणताना : बीडच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४ : गाडी आत

मारुती जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, पॉवर स्टेअरिंग नाही. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि पाटे ॲक्सलच्या खालून गेलेले. हे शेवटचं लक्षात ठेवायचं, पुढे पाचर (पाटा आणि ॲक्सल यांमध्ये घालायचा उतरता तुकडा) कुठल्या दिशेनं बसवायची ते यावरच ठरणार आहे. गाडीचा वापर माजलगावच्या बाजूला शेतरस्त्यांवर ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारी नेण्यासाठी, अधूनमधून राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून संभाजीनगर.

उंची दुसरीकडून वाढवून आणलेली आहे. जास्त कमानीच्या पाट्यांनी ५० मि.मी., आणि चारही शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) मूळपेक्षा ५० मि.मी. लांब. शॅकल जेवढी लांबवाल त्याच्या निम्मीच उंची ॲक्सलवर मिळते, म्हणजे तिथून २५. एकूण ७५. त्यावर २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टायर. व्यास ६६८ वरून ७३३ मि.मी. च्या आसपास गेला. रिमच्या मागे ३० मि.मी. चे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या.

तक्रारी अशा. साठच्या वर गाडी रस्त्यावर पोहते, सतत स्टेअरिंग सावरावं लागतं. वळणानंतर स्टेअरिंग आपण होऊन परत येत नाही. पुढची दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली की गाडी एका अंगाला झटका देते. खड्ड्यानंतर कधी कधी पुढचा सगळा भाग थरथरायला लागतो आणि वेग पार चाळीसच्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा करवतीसारख्या झिजल्या आहेत.

मशीनवर अलाइनमेंट वारंवार करून झालं आहे आणि फरक पडलेला नाही, यात नवल काही नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीत मशीनवाल्याच्या हातात फक्त टो असतो, म्हणजे पुढची चाकं समोर किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. कॅस्टर (चाक ज्या किंगपिनभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) स्क्रीनवर लाल दिसतो. तो फिरवायला बोल्टच नाही, म्हणून तो भाग सोडून देतात आणि टो हिरवा करून गाडी बाहेर काढतात. इथे कामाचा क्रम उलटा ठेवला आहे : आधी सगळा प्ले (सांध्यांतला सैलपणा) काढायचा, मग कॅस्टर, मग ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन, आणि टो सगळ्यात शेवटी.

स्टेअरिंग डँपर बसवून द्या अशी मागणी होती. सध्या नाही. प्ले असलेल्या गाडीला डँपर लावला की थरथर काही दिवस दबते, तोवर सैल सांधे आणखी झिजतात.

५ नोव्हेंबर : प्ले शोधणं

सुरुवात टायरच्या हवेपासून. चारही चाकांत ४० पीएसआय निघाली. पंक्चरवाले टायरचा आकार बघून हवा भरतात, गाडीचं वजन बघून नाही. एवढ्या हलक्या गाडीला हा टायर ४० ला दगडासारखा होतो आणि फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो. खडूची चाचणी केली : ट्रेडवर आडवी जाड रेघ मारायची, डांबरी रस्त्यावर सरळ थोडं अंतर चालवायचं आणि खडू कुठे पुसला ते बघायचं. मधलाच पुसला. २६ वर रेघ पूर्ण रुंदीत सारखी पुसली गेली. पुढची सगळी मापं २६ वरच.

मग कोरडी तपासणी. गाडी जमिनीवर, जॅक नाही, इंजिन बंद. एकानं स्टेअरिंग दोन्हीकडे पाव फेऱ्यापेक्षा कमी, झटक्यानं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा, निम्मा हात एका भागावर आणि निम्मा दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना कळतो. चाकं जॅकवर उचलून ही तपासणी केली तर निम्मे दोष लपतात, कारण सांध्यावर भारच नसतो.

सापडलं ते असं. ड्रॅग लिंकचा डावा बॉल जॉइंट सैल. पाइप पान्यानं दाबला की वर-खाली होतो. स्टेअरिंग बॉक्सच्या चेसिसवरच्या बोल्टांपैकी एक हातानं फिरतो, बॉक्स प्रत्येक झटक्याला हलतो. बॉक्सच्या आजूबाजूची चेसिस वायर ब्रशनं साफ करून तडा बघितला, नाही. डाव्या पुढच्या पाट्याचा मागचा बुश फाटलेला. चाक जॅकवर घेऊन १२ आणि ६ वर धरून हलवलं तर डावीकडे खटखट. ब्रेक दाबूनही ती राहिली, म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिन. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल (हब धरून किंगपिनवर फिरणारा भाग) एक होतात, त्यामुळे उरलेला प्ले त्यांच्या मागचाच असतो.

स्टेअरिंगच्या कडेवर मोकळी हालचाल ६५ मि.मी. ती ३० च्या आत यायला हवी.

बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू ताजा फिरवलेला दिसतो, लॉकनटवर पान्याच्या खुणा आहेत. कोणीतरी बाहेरचा प्ले बॉक्सच्या आतून काढू पाहिला. त्याला आज हात लावला नाही, का ते उद्याच्या नोंदीत.

६ नोव्हेंबर : मापं

शेडची फरशी सपाट दिसते, पण नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांच्या जागा तपासल्या. मागची डावी जागा ७ मि.मी. खाली. तिथे प्लायचा तुकडा घातला. कॅस्टर आणि कँबर (चाकाचं उभ्यापासून आत-बाहेर झुकणं) अंशाच्या दहाव्या भागात मोजायचे असतील तर हे टाळता येत नाही.

पुढच्या चाकांखाली दोन-दोन जीआय पत्रे, मधे भरपूर ग्रीस. टर्न प्लेट म्हणून एवढं पुरतं. कॅस्टर मोजायची पद्धत : चाक बाहेरच्या बाजूला २० अंश वळवून रिमवर डिजिटल अँगल गेज लावायचा, कँबर टिपायचा; मग तेच चाक आत २० अंश वळवून पुन्हा कँबर टिपायचा. दोन्हींतला फरक गुणिले दीड, म्हणजे कॅस्टर. (काटेकोर गुणक १.४६ आहे, पण हातानं मोजताना त्या फरकाला अर्थ नाही.)

कॅस्टर : डावा ०.३ अंश, उजवा ०.६. मूळ गाडीचा साडेतीन.
कँबर : डावा अधिक ०.४, उजवा अधिक ०.९. मूळ अधिक १. डावा कमी आहे तो सैल किंगपिनमुळे. भार आला की चाकाचा माथा आत झुकतो.
टो-इन : ९ मि.मी.

नऊ मि.मी. हे कोणीतरी मुद्दाम केलेलं. गाडी पोहते म्हटल्यावर टो-इन वाढवून ती सरळ धरायची, हा जुना उपाय. थोडा फरक जाणवतो आणि टायर संपतात. बाहेरच्या कडांची करवत इथूनच आली.

ओळंबा चारही हबच्या मध्यावरून सोडून जमिनीवर खुणा केल्या. पुढच्या ते मागच्या चाकाचं अंतर उजवीकडे २३७४ मि.मी., डावीकडे २३६५. पुस्तकातला व्हीलबेस २३७५. डावीकडे एक ॲक्सल ९ मि.मी. सरकला आहे. कर्ण मोजल्यावर मागचाच निघाला. मागचा ट्रॅक, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं अंतर, १३१० मि.मी., त्यावर नऊचा फरक म्हणजे मागचा ॲक्सल जवळजवळ ०.४ अंश तिरका. गाडी कुत्र्यासारखी थोडी तिरपी चालते आणि पुढची चाकं तो तिरपेपणा भरून काढत राहतात. पुढचं अलाइनमेंट कितीही करा, हा दोष तिथे दिसणारच नाही.

शेवटी ड्रॅग लिंक एका बाजूनं सोडून बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, हलक्या हातानं. टोकाला आपटला तर आतल्या बॉलच्या नळ्या फुटतात. फेरे मोजून निम्म्यावर आणला. मध्य सापडला तेव्हा स्टेअरिंगचा दांडा ५० अंशांहून जास्त वाकडा. म्हणजे उंची वाढवल्यावर स्टेअरिंग वाकडं झालं, ते कोणीतरी स्प्लाइनवरून (दांड्यावरच्या खाचांवरून) उचलून सरळ बसवलं. दिसायला सरळ झालं, पण बॉक्स सरळ रस्त्यावर मध्यापासून बाजूला चालतोय. अशा बॉक्समध्ये दात मध्यावरच घट्ट बसवलेले असतात, बाजूला मुद्दाम सैल ठेवलेले असतात. म्हणून मोकळी हालचाल वाढली, म्हणून स्क्रू कसला गेला. आता तोच स्क्रू मध्यावर बॉक्स आवळून धरतो : मध्यावरून जाताना स्टेअरिंग अडखळतं.

७ नोव्हेंबर : कागदावर

कॅस्टर कुठे गेला? या गाडीत पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला आहे, मागचा डोळा चेसिसला पक्का. शॅकल ५० मि.मी. लांब झालं की पाट्याचं पुढचं टोक चेसिसपासून तेवढं खाली जातं आणि सगळा पाटा ॲक्सलसकट पुढे झुकतो. पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये टेपनं ९२ सें.मी. भरले, ९२० वर ५० म्हणजे सुमारे ३.१ अंश. साडेतीनातून ३.१ गेले, ०.४ उरला. मोजलेल्या आकड्यांशी जुळतं.

अंश तीन असले तरी जमिनीवर काय होतं ते बघावं. किंगपिनची रेषा जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे जिथे भेटते ते अंतर चाकाला सरळ ठेवतं. मूळ चाकाची त्रिज्या ३३४ आणि साडेतीन अंश : जवळजवळ २० मि.मी. आताची ३६७ आणि सरासरी ०.४५ अंश : ३ मि.मी. सुद्धा नाही. वळणानंतर स्टेअरिंग परत का येत नाही याचं उत्तर एवढंच आहे.

आता झटका. ड्रॅग लिंक उजव्या बाजूच्या बॉक्सपासून डाव्या नकलपर्यंत आडवी जाते. दोन बॉलच्या मध्यांमधलं अंतर ८५० मि.मी. आज बॉक्सकडचं टोक नकलकडच्या टोकापेक्षा १३५ मि.मी. वर आहे, त्यातून ७५ वजा केले तर मूळ गाडीत ते ६० असणार. चाकं ५० मि.मी. वर आली तर मूळ कोनात नकलचा हात फक्त २ मि.मी. ढकलला जातो. आजच्या कोनात साडेसहा. नकलचा हात साधारण १५० मि.मी., म्हणजे हात स्टेअरिंगवर स्थिर असतानाही चाक अडीच अंश वळतं. चाकं खाली लोंबली तर त्याहून जास्त, साडेनऊ मि.मी. गतिरोधकावरून उतरताना जास्त ओढ बसते अशी तक्रार होती, ती बरोबर आहे.

उपायांचा विचार.

झेड आकाराची वाकवलेली ड्रॅग लिंक सगळीकडे सुचवली जाते. पाटा किंवा टाय रॉड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) अडत असेल तर तिचा उपयोग, झटक्यावर शून्य. मधला पाइप कसाही वाकवा, भूमितीला फक्त दोन बॉलच्या मध्यांना जोडणारी रेषा कळते.

नकलचा टेपर (निमुळतं भोक) वरून रीम करून, म्हणजे कोरून, बॉल जॉइंट वरच्या बाजूनं बसवणं चांगलं, पण नकलमध्ये लोखंड मोजकं आहे आणि परत मूळ जागी येता येत नाही. खाली झुकलेला घडीव ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा, ड्रॅग लिंक ढकलणारा हात) सोपा. बॉक्सच्या शाफ्टवर वाकण्याचा ताण थोडा वाढतो, ४० मि.मी. पर्यंत तो मान्य. मूळ आर्म तापवून वाकवणं किंवा कापून वेल्ड करणं या वर्कशॉपमध्ये होत नाही. तो तुटला तर चाकांवर कसलाच ताबा राहत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय ज्याबद्दल कोणी बोलत नाही : उंची थोडी कमी करणं. पुढची शॅकल ५० ऐवजी २० मि.मी. च जास्त ठेवली तर उंची १५ मि.मी. जाते आणि कॅस्टर जवळपास १.९ अंश परत येतो. पंधरा मिलिमीटरच्या गोट्यावरून गाडी जाईल की नाही याची चिंता ज्याला आहे त्यानं टायर बघावा, शॅकल नाही. मागची तेवढीच कमी करायची, नाहीतर गाडी नाकावर झुकून मिळवलेल्या कॅस्टरमधला थोडा परत जातो.

ठरलं ते : शॅकल अधिक २०, दीड अंशाची पाचर, ४० मि.मी. चा ड्रॉप आर्म, स्पेसर काढायचे.

स्पेसरबद्दल एक वाक्य. चाक ३० मि.मी. बाहेर गेलं की किंगपिनची रेषा आणि टायरचा मध्य यांतलं आडवं अंतर तेवढंच वाढतं. प्रत्येक खड्डा मग लांब दांड्यानं स्टेअरिंगवर येतो.

९ नोव्हेंबर : डावा नकल

चाक, कॅलिपर, डिस्क, हब उतरवले. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक पुलरनं सोडवल्या. हातोडीनं बॉल जॉइंटच्या दांड्यावर मारलं की आटे मशरूम होतात. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या बाजूला मारायचं, दांड्यावर नाही.

मागचं सील उघडल्यावर नकलच्या गोळ्यातून दुधाळ ग्रीस. ओढ्यातून गाडी नेली की गरम हबच्या आतली हवा थंड पाण्यात आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. त्यात काळ्या मातीची बारीक पूड. किंगपिनच्या खालच्या बेअरिंगच्या रेसवर रोलरचे ठसे उमटले आहेत. असे ठसे असले की शिम (सैलपणा कमी-जास्त करायच्या पातळ चकत्या) कितीही काढा, स्टेअरिंग मध्यावर खाचेत पडल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंची चारही बेअरिंग नवी.

प्रीलोड, म्हणजे बेअरिंग किती आवळलेलं आहे ते : सील न लावता, टाय रॉड न जोडता, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढायचं. नकल हलायला लागतो तो आकडा १ ते १.८ किलो हवा. उघडण्याआधी डावीकडे ०.३ आला होता, उजवीकडे ०.९. नव्या बेअरिंगवर वरच्या किंगपिनखालचे शिम एकेक काढत गेलो (शिम काढला की आवळतं, घातला की सैल) आणि दोन्हीकडे दीड किलोवर थांबलो. मोठा टायर आहे म्हणून पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात. दोन किलोच्या पुढे नेलं तर स्टेअरिंग परत येण्यावर परिणाम होतो, आणि मग पुन्हा कॅस्टरला दोष दिला जातो.

११ नोव्हेंबर : मागचा ॲक्सल

डावीकडचे यू बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) सोडले तर सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं हातात आलं. डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही. नवे पाटे बसवल्यावर पानं एकमेकांत बसतात, यू बोल्ट आपोआप सैल पडतात. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा कसले नाहीत की सगळा भार त्या एका डोक्यावर येतो आणि ते कापलं जातं. नवा सेंटर बोल्ट, नवे यू बोल्ट. जुने यू बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणलेले आटे दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत.

बैठकीचं भोक लांबट झालं नव्हतं. झालं असतं तर वेल्डिंगनं भरून पुन्हा ड्रिल करावं लागलं असतं.

व्हीलबेस पुन्हा मोजला : २३७४ आणि २३७३.

१३ नोव्हेंबर : शॅकल आणि पाचर

शॅकलच्या पट्ट्या ८ मि.मी. च्या प्लेटमधून. भोकं चारही पट्ट्या एकत्र क्लँप करून एकदम पाडली, नाहीतर डावी-उजवी उंची फरक दाखवते.

पाचर माइल्ड स्टीलची, शेपरवर उतरवून घेतली. लांबी ११०, पातळ टोक ३ मि.मी., जाड टोक ५.९. ॲल्युमिनियमची तयार मिळते, ती यू बोल्टखाली चुरते आणि मग पाटा सैल.

दिशा. इथे हमखास गडबड होते, म्हणून सविस्तर. कॅस्टर वाढवायला किंगपिनचा माथा मागे न्यायचा, म्हणजे ॲक्सलचं पुढचं अंग वर उचलायचं. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली आहे, पाचर पाट्याच्या वर आणि ॲक्सलच्या बैठकीच्या खाली येते. तेव्हा जाड टोक पुढे. पाटा ॲक्सलच्या वर घेतलेल्या गाडीत हेच जाड टोक मागे जातं. एका गाडीचं बघून दुसऱ्या गाडीला बसवलं की उरलेला कॅस्टरही जातो.

पाचर मधे आल्यानं सेंटर बोल्टचं डोकं बैठकीत पोचेना. डोकं पाचरीतून आरपार जाऊन बैठकीच्या भोकात निदान ५ मि.मी. शिरलं पाहिजे, उंच डोक्याचा बोल्ट लेथवर करून घेतला. जुन्याच बोल्टवर भागवलं तर मागच्या ॲक्सलला झालं तेच पुढे होईल, आणि पुढे ते जास्त महागात पडतं.

यू बोल्ट ७० न्यूटन-मीटरला, कर्णावर कर्ण, तीन टप्प्यांत. सगळे पाट्याचे बुश नवे. शॅकल आणि डोळ्यांचे बोल्ट फक्त हातानं आवळून गाडी जमिनीवर उतरवली, दोन-चार वेळा पुढचा बंपर दाबला आणि मग कसले. गाडी घोडीवर असताना कसले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत चिकटतं, जमिनीवर आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डावा बुश असाच गेला असावा.

तोटा एक आहे. ॲक्सल मागे फिरला की पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. या गाडीत हातानं फिरवायचे फ्री-व्हील हब आहेत. हब मोकळे असताना तो शाफ्ट फिरतच नाही. हब लॉक करून फोर-व्हीलमध्ये चाळीसपर्यंत चालवून बघितलं, कंप नाही. स्लिप जॉइंट (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सांधा) पुरेसा आत आहे ना ते पूर्ण लोंबत्या स्थितीत बघितलं. पाचर दीडच्या ऐवजी चार अंशांची असती तर इथे अडचण आली असती. शॅकल कमी करून पाचर लहान ठेवण्याचं हे दुसरं कारण.

कॅस्टर आता : डावा ३.७, उजवा ३.९. गाडी कमी कॅस्टर असलेल्या अंगाला किंचित ओढते, पण ०.२ चा फरक हाताला जाणवत नाही. आणखी वाढवायची हौस नको. पाच-सहा अंशांवर बिनपॉवरचं स्टेअरिंग थांबलेल्या गाडीत फिरवणं म्हणजे व्यायाम, आणि जास्त कॅस्टरसुद्धा थरथर आणतो.

१५ नोव्हेंबर : ड्रॉप आर्म, बॉक्स, ड्रॅग लिंक

बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू आधी सैल केला, बॉक्स खऱ्या मध्यावर आणला, मग स्क्रू थोडा थोडा आत. प्रत्येक वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मध्यावर किंचित जड लागावं, अडखळू नये. लॉकनट कसताना स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू धरून ठेवायचा, नाहीतर तो नटबरोबर फिरतो. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट नवे, उच्च ताणाचे, स्प्रिंग वॉशरसह.

स्टेअरिंग व्हील आता स्प्लाइनवरून काढून बॉक्सच्या मध्याप्रमाणे सरळ बसवलं. व्हील उचलायचं ते एवढ्याचसाठी. गाडी सरळ चालताना ते वाकडं असेल तर दुरुस्ती ड्रॅग लिंकच्या लांबीतच.

ड्रॉप आर्म खुणेवर खूण जुळवून बसवला. एक दात चुकला तर एका बाजूला वळण कमी मिळतं. ड्रॅग लिंकला नवे दोन्ही बॉल जॉइंट, कॅसल नट, नव्या स्प्लिट पिना. पिन जुळत नसेल तर नट पुढे आवळून भोक गाठायचं, मागे सोडून नाही.

दोन टोकांतली उंची आता ७६ मि.मी. (पाचरीच्या जाडीमुळे गाडी आणखी चार-साडेचार मि.मी. बसली, कारण पाटा खाली आहे.) ५० मि.मी. च्या उंचवट्यावर नकलच्या हाताची सरक साडेसहावरून सुमारे ३ मि.मी. वर आली. मूळचे दोन मिळणार नाहीत, उंच गाडीत ते मागूही नयेत.

मग अडथळ्याची तपासणी : शॉकअप काढून जॅकनं ॲक्सल बंप स्टॉपला (ॲक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकवला आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेलं. खाली झुकलेला आर्म टाय रॉडला किंवा पाट्याला लागता कामा नये. कमीत कमी १५ मि.मी. फट राहिली. स्पेसर निघाल्यानं पूर्ण वळणात टायर पाट्याला घासू लागला, म्हणून नकलवरचे, वळण रोखणारे स्टॉप बोल्ट फिरवून थोडे बाहेर आणले. वळायला थोडी जास्त जागा लागेल. पुढच्या ब्रेकच्या नळ्या पूर्ण लोंबत्या स्थितीत ताणत नाहीत हेही याच वेळी बघून घेतलं.

१६ नोव्हेंबर : टो, मग मध्य

क्रम महत्त्वाचा. ड्रॅग लिंक डाव्या नकलला जोडलेली आहे, टाय रॉड डाव्याला उजव्याशी बांधतो. टाय रॉड फिरवला की उजवं चाक हलतं. म्हणून आधी टो, आणि त्यानंतरच ड्रॅग लिंकनं स्टेअरिंग मध्यावर.

चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्यानं बारीक रेघ काढली. ट्रेडच्या ठोकळ्यावरून मोजू नये, टायर दोन-तीन मि.मी. हलका वाकडा असतोच. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली, मागे नाही. मागे ढकलली की सांध्यांतली सैल बाजू उलटते. हबच्या उंचीवर मागच्या रेघांतलं अंतर, मग पुढच्या. मागचं वजा पुढचं, ३ मि.मी. टो-इन. कंपनीचा पट्टा २ ते ६. रेडियल टायरला आणि नव्या सांध्यांना खालच्या बाजूचं माप पुरतं.

टाय रॉडचे लॉकनट कसताना दोन्ही बॉल जॉइंट एकाच बाजूला कलते ठेवले तर रॉड फिरायला जागा राहत नाही. दोन्ही मधोमध.

१८ नोव्हेंबर : रस्त्यावर

सकाळी लवकर, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत. बीड वळणरस्ता, मग मांजरसुंब्याचा घाट.

लक्षात ठेवायचं : आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याचा उतार पाणी जाण्यासाठी डावीकडे असतो. सोडलेलं स्टेअरिंग हळूच डावीकडे जाणं हा दोष नाही. खात्री करायची तर रुंद, सपाट काँक्रीटवर.

साठला सरळ. ऐंशीला किरकोळ सावरणं, एवढ्या उंच गाडीला ते चालायचं. वळणानंतर वीसच्या वेगात स्टेअरिंग जवळजवळ मध्यापर्यंत परत येतं, शेवटचा थोडा भाग हातानं. गतिरोधकावर झटका आहे, पण हातातून निसटत नाही. मोकळी हालचाल १८ मि.मी. थरथर प्रयत्न करूनही आली नाही.

स्पीडोमीटर : टायरमुळे काटा साठवर असताना गाडी सहासष्टला आहे. वर लिहिलेले वेग काट्याचे नाहीत, फोनच्या जीपीएसचे आहेत.

२३ नोव्हेंबर : सत्तरला कंप

गाडी कंप घेऊन आली. स्टेअरिंगमध्ये बारीक, एकसारखा, फक्त पासष्ट ते पंचाहत्तर. हा वेगळा रोग : खड्डा लागत नाही, वेग बदलला की जातो. चाकाचं संतुलन.

रिमच्या आतल्या कड्यात काळ्या मातीचा सुकलेला थर. ओल्या रानातून निघालं की ती चिकटते, उन्हात विटेसारखी होते आणि बाहेरून धुतली तरी आतली राहते. खरवडून काढली, मूठभर निघाली. पुन्हा बॅलन्सिंग केल्यावर कंप गेला. शेतातून महामार्गावर येणाऱ्या गाडीत अलाइनमेंटला हात लावण्याआधी रिमच्या आत हात घालावा.

२ डिसेंबर : फेरतपासणी

यू बोल्ट पुन्हा ७० ला; पुढचे दोन्ही पाव फेरा फिरले, मागचा डावा अर्धा. शॅकलचे बोल्ट जागेवर. टो ३ मि.मी. कायम. किंगपिनचं सील कोरडं. खडूची चाचणी पुन्हा, रेघ सारखी पुसली जाते. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घातले, म्हणजे करवत झालेल्या कडा मागे जाऊन हळूहळू सपाट होतील. आवाज तोवर येत राहील, त्यावरून स्टेअरिंगचा अंदाज बांधू नये.

हेडलाइट खाली केले. समोरच्याच्या डोळ्यांत जात होते.

मालकाला लिहून दिलं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी अडचणीत येऊ शकते, विम्याच्या वेळी विशेष. मूळ शॅकल, मूळ ड्रॉप आर्म आणि काढलेले शिम गोणीत बांधून दिले आहेत. पुढचं बघणं मृगाच्या आधी : नकलचं सील, ग्रीसचा रंग, स्प्रिंग काट्यावर प्रीलोड. ग्रीस दुधाळ दिसलं तर काट्याची वाट न बघता बेअरिंग उघडायचं. डँपर अजून बसवलेला नाही.